तान्ह्या पोळ्याचे फोटो आणि कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम: कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये

कॅननची ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम ही लेन्स बहुतेक जण घेतात ती मागचं धूसर करायला. दुकानातही तेच दाखवतात: काउंटरवरची पाण्याची बाटली लख्ख, मागचा रस्ता विरघळलेला. तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा, त्यात मुलं वेशभूषा करून लाकडी नंदी मिरवतात. अशा फोटोत मात्र हिचा हा गुण सगळ्यात कमी कामाचा. घरच्यांनी रात्र जागून फेटा बांधला, नंदीला झूल शिवली, शिंगांना बेगड लावली, आणि फोटोत एक डोळा तेवढा स्पष्ट आला, तर त्या खटपटीचं काय झालं? ही लेन्स घ्यायची ती तिच्यातून आत येणाऱ्या उजेडासाठी. वापरायची एफ/२.८ ते एफ/४ वर (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी), लेकरापासून तीन-साडेतीन मीटर मागे उभं राहून. एवढं पाळणाऱ्याला कॅननच्या साध्या डीएसएलआरवर या पैशात हिच्या तोडीचं दुसरं काही मिळत नाही. घरातल्या घरात फोटो काढायचे असतील तर घेऊ नये. त्याचा हिशोब पुढे दिला आहे.

आधी वस्तू ओळखून घ्या, कारण नागपूरच्या सीताबर्डी बाजारात काय किंवा ओळखीच्या फोटोग्राफरकडून काय, वापरलेली घेताना दोन आवृत्त्यांची गल्लत होते. १९९० पासून चालत आलेली ‘दोन नंबर’ची आवृत्ती प्लॅस्टिकच्या माउंटची (कॅमेऱ्यात अडकणाऱ्या कडीची), उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या पाच पात्यांच्या अ‍ॅपर्चरची, ५२ एमएम फिल्टरची, तिची मोटर कुरकुरते आणि ४५ सेंटिमीटरच्या आत फोकस होत नाही. २०१५ मध्ये आलेल्या नव्या लेन्सवर एसटीएम (स्टेपिंग मोटर, फोकसची नवी मोटर) लिहिलेलं असतं. माउंट धातूचा, सात गोलसर पाती, ४९ एमएम फिल्टर, वजन १६० ग्रॅम, आणि फोकस ३५ सेंटिमीटरपर्यंत. काचांची मांडणी दोन्हींत जवळपास सारखीच, त्यामुळे जुनी स्वस्तात मिळाली तर फोटोच्या दर्जात आकाशपाताळाचा फरक पडत नाही. फरक पडतो फोकसच्या खात्रीत, आणि हलत्या पोरांमागे धावताना तोच महत्त्वाचा. ईएस-६८ नावाचं हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारं कडं) वेगळं विकत घ्यावं लागतं. ते घ्याच, का ते पुढे.

निकॉनवाल्यांसाठी जाता जाता: डी ३५०० किंवा डी ५६०० असेल तर ५० एमएमची ‘जी’ आवृत्ती घ्या. जुनी ‘डी’ स्वस्त मिळते, पण या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसल्याने ती हातानेच फिरवत बसावी लागते.

आता उजेडाचं. पिठोरी अमावास्येला मोठा पोळा, दुसऱ्या दिवशी भाद्रपद प्रतिपदेला तान्हा. सकाळपासून इतवारी-महालात काळी-पिवळी मारबत आणि बडग्यांच्या पुतळ्यांच्या मिरवणुकांची गर्दी. पोट्टे नंदी घेऊन मैदानात उतरतात ते दुपार कलल्यावर. ऑगस्टच्या शेवटाला नागपुरात सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, आणि बहुतेक वेळा आभाळ भरलेलं असतं. साडेचार-पाचला ढगाळ उजेड इतका मऊ आणि भरपूर असतो की कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्सही उत्तम काम करते. त्या तासासाठी नवीन काही घ्यायची गरज नाही. पण स्पर्धेचे परीक्षक आणि प्रमुख पाहुणे वेळेवर आले असं क्वचितच होतं. तोरण तुटतं (म्हणजे पोळा फुटतो), बक्षिसं वाटली जातात, तोवर सव्वासहा झालेले असतात. अशा वेळी किट लेन्स ५५ वर एफ/५.६ च्या खाली उतरत नाही. उभ्या मुलासाठी शटर १/२५० सेकंद ठेवलं तर आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) ३२०० च्या आसपास जातो आणि जरीच्या काठाऐवजी दाणे दिसायला लागतात. आपली ५० एमएम एफ/२.८ वर चौपट उजेड आत घेते, म्हणजे तोच फोटो आयएसओ ८०० वर निघतो. एफ/१.८ पर्यंत उघडली तर किटच्या जवळजवळ दहापट. पण तिथेच मोह आवरायचा.

कारण आकड्यांत बघा. दीडपट-पावणेदोनपट छोट्या सेन्सरच्या कॅननवर (१५०० डी, २०० डी, ८० डी ही सगळी मंडळी) दीड मीटरवरून एफ/१.८ ला पुढून मागे स्पष्ट दिसणारा पट्टा मिळतो जेमतेम सहा सेंटिमीटरचा. बाळकृष्णाच्या डोळ्यावर फोकस धरला की मुकुटाचं मोरपीस गेलं, ओठांवरची बासरी अर्धी गेली, कानातलं गेलं. दोन मीटरवर हा पट्टा अकरा सेंटिमीटर होतो. साडेतीन मीटरवर एफ/२.८ ला सुमारे ५० सेंटिमीटर, आणि एफ/४ ला ७५. म्हणजे मुकुट, चेहरा, बासरी, कमरेचा शेला सगळं त्यात मावतं आणि मागची गर्दी तरीही विरळ होते. एफ/२.८ ला लेन्सची धारही एफ/१.८ पेक्षा स्पष्टपणे चांगली.

नंदी मात्र मुलाच्या पुढे उभा करू नका. सगळे पालक तेच करतात: नंदी पुढे, दोरी हातात, लेकरू मागे. पट्ट्याचा अर्ध्याहून थोडा कमी भाग फोकसच्या पुढे असतो, त्यामुळे साडेतीन मीटरवर एफ/४ लाही डोळ्यांच्या पुढे तीस-पस्तीस सेंटिमीटरच स्पष्ट राहतं, आणि नंदीचं तोंड त्याच्या पलीकडे येतं. नंदी मुलाच्या बाजूला, थोडा तिरपा, चाकं आणि मुलाची पावलं एका रेषेत, असं उभं केलं की दोघेही धारदार. मोठा नंदी असेल, मुलाच्या छातीपर्यंत येणारा, तर मुलाचा हात त्याच्या वशिंडावर ठेवायला सांगा. हात रिकामा राहिला की पोरं हमखास नाक खाजवतात.

आडव्या-उभ्याचा हिशोब. या कॅमेऱ्यांवर ५० एमएम म्हणजे ८० एमएमसारखी दिसते. कॅमेरा उभा धरून साडेतीन मीटरवरून साधारण १५५ सेंटिमीटर उंची मावते. पाच-सहा वर्षांचं मूल, डोक्यावर फेटा, वर-खाली थोडी जागा, एवढं बरोबर बसतं. चार-पाच पोरं नंद्यांसह ओळीत उभी केली तर पावणेसहा-सहा मीटर मागे जावं लागतं. मैदानात ही अडचण नाही, फक्त मधून लोक जातात. घरात मात्र गाडी अडते. बारा बाय दहाच्या खोलीत मूल भिंतीपासून हातभर पुढे उभं केलं, आपली पाठ समोरच्या भिंतीला टेकवली, तर मधे उरतात दोन-सव्वादोन मीटर. त्यात लेकरू जेमतेम गुडघ्यापर्यंत मावतं. ज्यांचे फोटो मुख्यतः फ्लॅटमध्ये, शाळेच्या वर्गात किंवा सोसायटीच्या छोट्या हॉलमध्ये होणार, त्यांनी कॅननचीच ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ एसटीएम बघावी. १२५ ग्रॅमची चपटी लेन्स, दोन मीटरवरून १८५ सेंटिमीटर मावतात. मागचं फारसं धूसर होत नाही, पण खोलीत मागे असतं तरी काय, पडदा आणि कपाट.

फोकस हा या जोडीचा नाजूक भाग. १५०० डी मध्ये नऊ फोकस बिंदू, त्यातला मधला एकच खऱ्या अर्थाने भरवशाचा. नऊही बिंदू कॅमेऱ्यावर सोडले तर तो जवळची चमकती वस्तू पकडतो: नंदीचं शिंग, फेट्याचा तुरा, तलवारीची मूठ. मधला बिंदू निवडा, कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर ठेवा, अर्धं बटण दाबून मग चौकट जुळवा. साडेतीन मीटरवर एफ/२.८ ला ही युक्ती बिनधोक चालते; दीड मीटरवर एफ/१.८ ला कॅमेरा वळवण्यातच फोकस सुटतो. नंदी ओढत चालणाऱ्या पोरासाठी एआय सर्व्हो (हलत्या गोष्टीमागे फोकस चालू ठेवणारी सोय) आणि शटर १/५००. त्या लाकडी चाकांना खडा लागला की नंदी उडी मारतो, आणि १/२५० वर मुलाचा चेहरा स्थिर, नंदी फिसकटलेला असा फोटो येतो. १५०० डी सेकंदाला तीनच फोटो काढतो, त्यामुळे बटण दाबून धरण्यापेक्षा पाऊल टेकण्याचा क्षण पाहून एकेक घेतलेला बरा. पडद्यावर बघून काढायची सवय असेल तर १५०० डी वर ही लेन्स चाचपडत राहते. २०० डी दुसऱ्या आवृत्तीवर मात्र पडद्यावरच डोळा ओळखणारा फोकस मिळतो, आणि तिथे ही लेन्स खरोखर सुखाची होते.

फोकस करताना लेन्सची पुढची नळी काही मिलिमीटर बाहेर येते. ती प्रत्यक्ष काचेसकट सरकणारी नळी आहे, आणि लेकरांना नेमकं तिथेच बोट लावायचं असतं. बाहेर आलेल्या नळीला धक्का बसला किंवा कॅमेरा तोंडावर पडला तर आतली यंत्रणा बिघडते. हूड घ्या म्हटलं ते यासाठी: ते बोटही अडवतं आणि आडव्या येणाऱ्या हॅलोजनचा झोतही. पिशवीत ठेवण्याआधी कॅमेरा चालू असतानाच फोकस लांबवर नेऊन नळी आत घ्या. ही नळी मोटरवरच चालते, कॅमेरा बंद असताना हाताने कडी फिरवून काही होत नाही.

कपड्यांचा रंग कॅमेऱ्याला फसवतो, त्यात लेन्सचा दोष नाही, पण शिव्या लेन्सला बसतात. पांढरं धोतर-बंडी घातलेला छोटा शेतकरी चौकटभर असला की कॅमेरा फोटो काळवंडून टाकतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +२/३ करा. काळा झगा घातलेलं भूत किंवा चेटकीण असेल तर उलट, कॅमेरा काळ्याला राखाडी करायला जातो आणि चेहरा पांढराफटक पडतो. −२/३ ते −१. जरी, टिकल्या, बेगडी मुकुट यांच्यावरचा प्रकाश उडाला की परत आणता येत नाही, म्हणून पहिल्या दोन फोटोंनंतर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून घ्या. रॉमध्ये (कच्च्या फाइलमध्ये) काढा. निळ्या रंगाचा शंकर किंवा कृष्ण असेल तर ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग जुळवणारी सेटिंग) निळा कमी करायच्या नादात पिवळेपणा ओततो. ‘ढगाळ’ किंवा ‘डेलाइट’ ठरवून ठेवला की सगळ्या फोटोंत निळा एकसारखा राहतो.

व्हाइट बॅलन्सचा त्याहून मोठा घात मांडव करतो. लाल-पिवळ्या कापडाच्या छताखाली चेहरे केशरी, हिरव्या जाळीखाली आजारी. कापडातून गाळून आलेला हा रंग एका बाजूने येतो आणि मांडवाच्या कडेने शिरणारा पांढरा उजेड दुसऱ्या बाजूने, त्यामुळे नंतर कॉम्प्युटरवर एक गाल सुधारला की दुसरा बिघडतो. उपाय सोपा आहे. मुलाला मांडवाच्या अगदी कडेला आणा, तोंड बाहेर मोकळ्या आभाळाकडे, आणि तुम्ही बाहेर उभे राहा. आत अंधारं, बाहेरून एकसारखा उजेड. मागची पार्श्वभूमी आपोआप काळोखात जाते, ती धूसर करायला एफ/१.८ लागतच नाही. शाळेच्या व्हरांड्यात, घराच्या उघड्या दारात हेच चालतं.

मुकुट, टोप, पुढे झुकलेला फेटा यांची सावली कपाळापासून डोळ्यांपर्यंत येते. आधी स्वतः खाली बसा. मुलाच्या छातीच्या उंचीला कॅमेरा आला की डोळे मुकुटाखालून बाहेर येतात आणि मूलही रुबाबदार दिसतं. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत छत्रपती असो की झाशीची राणी, सगळे बुटके. तरी सावली उरली तर पांढरा कार्डशीट किंवा थर्माकोलचा दोन बाय तीन फुटांचा तुकडा मुलाच्या कमरेच्या उंचीला, चौकटीच्या जरा बाहेर, आडवा तिरपा धरायला कुणाला तरी सांगा. आजोबा हे काम सगळ्यात निष्ठेने करतात. कॅमेऱ्यावरचा उघडणारा फ्लॅश मात्र बंद ठेवा. तेलकट रंगाने रंगवलेल्या चेहऱ्यावर तो कपाळ आणि नाकावर पांढरे डाग पाडतो, बेगडीत आरसा होतो. पाण्यात कालवायचे मॅट रंग असतील तर कमी, पण फ्लॅशशिवायच बरं. आणखी एक: काळोखात फोकस जमावा म्हणून हे कॅमेरे तोच फ्लॅश भराभर लुकलुकवतात, आणि फोटो निघेपर्यंत लहान मुलांनी डोळे मिटलेले असतात.

३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला, आता शाळांतून आणि फ्लॅट स्कीमच्या क्लबहाउसमधून तो होतोच, परिस्थिती वेगळी. त्या दिवशी नागपुरात सूर्य पावणेसहाच्या आतच मावळतो, आणि पार्टी सातला सुरू होते. म्हणजे नैसर्गिक उजेडाचा विषयच नाही. शक्य असेल तर सव्वापाचला पोरांना तयार करून गच्चीवर किंवा पार्किंगच्या तोंडाशी अर्धा तास काढा. वेशभूषेचे खरे फोटो तिथेच होतील. हॉलमध्ये ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली एफ/२, १/१००, आयएसओ १६०० इथून सुरुवात करा. इथे एफ/२ ला पर्याय नसतो. तोच फोटो एफ/५.६ च्या किट लेन्सला १२८०० वर काढावा लागेल, आणि १५०० डी ची नेहमीची मर्यादाच ६४०० आहे. शटर १/१०० का? आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. १/५०० ठेवलं की एका फोटोत चेहरा पिवळा, पुढच्यात हिरवा, किंवा आडवे पट्टे. १/१०० वर पळणारं पोर धूसर येईल, म्हणून त्याला थांबण्याचं निमित्त द्या: चेटकिणीला झाडूवर तोल सांभाळायला लावा, सांगाड्याला ‘पुतळा’ व्हायला सांगा. चार-पाच मुलांचा घोळका असेल तर सगळ्यांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आणा, एफ/२ ला मागची रांग सुटते.

जांभळ्या-हिरव्या एलईडी पट्ट्या चेहऱ्यावर पडू देऊ नका. त्या मागे राहू द्या, चेहऱ्यासाठी बाजूने एक साधा पांढरा दिवा. मागच्या माळा लांब असतील तर धूसर होऊन मोठाले गोल होतात. एफ/१.८ ला हे गोल कडेला लंबुळके आणि एफ/२.८ नंतर किंचित सातकोनी, एवढं नजरेत भरतं. कोरलेल्या भोपळ्यात मेणबत्तीऐवजी छोटा एलईडी ठेवा. भाड्याचे झगे आणि केस सगळे कृत्रिम धाग्याचे, ते भसकन पेटतात. आणि मेणबत्तीचा उजेडही फोटोला पुरत नाही.

लेन्सचे खरे दोष आता एकत्र. एफ/१.८ ते एफ/२.२ ला उजळ आभाळासमोर जरीच्या कडांना जांभळी-हिरवी झालर येते. बारीक टिकल्यांच्या ओढणीवर ती अक्षरशः प्रत्येक टिकलीभोवती दिसते, एफ/२.८ ला बरीच ओसरते, आणि सॉफ्टवेअर उरलेली काढतं. समोरून प्रकाश आला की फोटो दुधाळ होतो. आतमध्ये थरथर थोपवणारी सोय नाही, पण पोरांच्या फोटोत शटर तसंही वेगात ठेवावं लागतं, त्यामुळे ही उणीव जाणवत नाही. अंधारात काळ्या कापडावर फोकस मागेपुढे हुडकत राहतो. गळ्याजवळची कापडाची कड किंवा डोळ्यातलं काजळ पकडा. पावसापासून संरक्षण शून्य. पोळ्याला भुरभुर ठरलेली, तेव्हा हूडभोवती प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांधा, आणि घरी आल्यावर लेन्स ओलसर पिशवीत ठेवू नका, पावसाळ्यात काचेत बुरशी धरते. एसीच्या गाडीतून उतरल्याबरोबर काचेवर वाफ जमते. ती पुसू नका, पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा.

क्रमाच्या बाबतीत एवढंच: पूर्ण उभा फोटो आधी. काजळाची मिशी पहिल्या अर्ध्या तासात गालावर जाते, फेटा त्याच्याही आधी सुटतो. मग कमरेपर्यंतचा, मग नंदीच्या झुलीचा आणि दोरी धरलेल्या मुठीचा जवळून. तिथे ३५ सेंटिमीटरचा फोकस कामी येतो. तोरण तुटण्याआधी मैदानाच्या पश्चिमेला उभे राहा, म्हणजे उरलासुरला उजेड पोरांच्या तोंडावर असेल. नंतर बोजारा (नंदी दाखवून मिळणारे पैसे) मागत दारोदार फिरणं असतं. दारातला दिवा वरून पडतो, मूल नाणी मोजायला खाली बघतं, आणि चेहरा अंधारात जातो. पैसे देणाऱ्याला पायरीवर बसायला सांगा. म्हणजे मूल खाली बघत नाही, समोर बघतं. आणि ओळीत दुसऱ्यांचीही मुलं असतात. त्यांचे फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकायचे तर आईबापांना आधी विचारा.

मिररलेस (आत आरसा नसलेल्या) आर मालिकेचा कॅमेरा असेल तर ही लेन्स अ‍ॅडाप्टर लावून चालते, पण नव्याने घेणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये. २०२० मध्ये आलेली आरएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम त्याच वजनाची, ३० सेंटिमीटरपर्यंत फोकस करणारी, आणि सरळ बसते. तिचा फिल्टर ४३ एमएमचा आहे, जुने ४९चे तिला लागणार नाहीत.